नऊ मिलिमीटरची वाट

पठारावरच्या एका गावाला एकदा आपल्या गेलेल्या आगगाडीची आठवण झाली.

अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून चालणारी ती छोटी गाडी सत्तर वर्षे त्या गावात येत होती. घाट उतरून खालच्या बाजारपेठेत जात होती आणि संध्याकाळच्या आत परत वर येत होती. मग एका वर्षी ती बंद झाली. रूळ उचलले गेले, स्टेशनाच्या इमारतीत धान्याचे गोदाम आले, आणि तीस वर्षांनी अशी वेळ आली की गावातल्या मुलांना ‘स्टेशन रोड’ हे नाव त्या रस्त्याला का पडले तेसुद्धा समजावून सांगावे लागे. तेव्हा गावच्या वाचनालयाने ठरवले की आपल्या शताब्दीच्या दिवशी मोठ्या दालनात त्या स्टेशनाची लहानशी प्रतिकृती उभी करायची, आणि तिच्यात गाडी खरोखर चालली पाहिजे.

हे काम शलाका बिराजदार हिच्याकडे आले. त्याचे कोणालाही नवल वाटले नाही. बेचाळीस वर्षांची ही बाई साखर कारखान्यांसाठी विजेची नियंत्रण-पॅनेले बनवी. दहा माणसांची तिची कार्यशाळा होती, आणि बंद पडलेले यंत्र तिने हात लावताच चालू होते अशी तिची पंचक्रोशीत ख्याती होती. शिवाय तिचे वडील, सिद्राम बिराजदार, त्याच छोट्या गाडीवर अठ्ठावीस वर्षे होते. आधी इंजिन पुसणारा, मग फायरमन, मग ड्रायव्हर. गाडी बंद झाल्यावर त्यांना जंक्शनच्या शेडमध्ये हत्यारे वाटण्याचे काम मिळाले आणि तिथूनच ते निवृत्त झाले. मोठ्या लाइनीवर, म्हणजे रुंद रुळांच्या गाड्यांवर, ते कधी गेले नाहीत. नातेवाइकांत त्यांचा उल्लेख ‘छोट्या गाडीचे सिद्राम’ असाच होई, आणि म्हणणाऱ्याच्या ओठांवर बारीकसे हसू असे. ते हसू शलाकेने लहानपणी पुष्कळ वेळा पाहिले होते. पुढे वसतिगृहात कोणी विचारले, वडील काय करतात, तर ती ‘रेल्वेत आहेत’ एवढेच सांगे आणि दुसरा विषय काढी. वडिलांवर तिचे प्रेम होते. पण माणूस हुशार असून आयुष्यभर लहान जागी राहिला, अशी एक दया त्या प्रेमात मिसळलेली होती, आणि ती दया आपल्या मनात आहे हे तिला स्वतःलाही नीट ठाऊक नव्हते.

विजेचे काम तिला येत होते. प्रतिकृतीचे येत नव्हते. म्हणून ती नागनाथ मास्तरांकडे गेली. मास्तर आयटीआयमध्ये फिटरचा वर्ग शिकवून निवृत्त झाले होते, आणि गेली चाळीस वर्षे घराच्या माडीवर लहान आगगाड्या बनवत होते. वयाने ऐंशीच्या घरात, बोलणे मोजके.

मास्तरांनी पहिल्या दिवशी तिला एकच गोष्ट शिकवली. खऱ्या वस्तूचे सत्त्याऐंशी समान भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे आपली वस्तू. याला एकास सत्त्याऐंशीचे प्रमाण म्हणतात. जगात अशी प्रमाणे अनेक आहेत. कोणी एकास शहात्तर घेतो, कोणी एकास एकशे साठ. कोणतेही घ्यावे, मात्र एकदा घेतले की मेजावरच्या प्रत्येक वस्तूला तेच लागू करावे. मग त्यांनी हिशेब करून दाखवला, की अडीच फुटांचे रूळ या प्रमाणात जवळजवळ नऊ मिलिमीटरचे होतात. शलाकेने तो वहीत लिहून घेतला आणि दुसऱ्याच दिवशी नऊ मिलिमीटरचे रूळ मागवले.

दुसरा धडा तिला विजेत मिळाला, हे तिला थोडे लागले. फलाटावरचे कंदील तिने फार मन लावून केले होते. मोहरीएवढे एलईडी, केसासारख्या तारा, प्रत्येक दिव्यामागे वीज आवरणारा रेझिस्टर, सगळे गणिताने बिनचूक. कळ दाबताच स्टेशन असे लखलखले की जणू तिथे लग्नाचा मांडव पडला होता. मास्तर बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी विचारले, त्या स्टेशनात काय जळत होते. शलाका म्हणाली, रॉकेल. मास्तरांनी मान डोलावली आणि ते चहा प्यायला खाली गेले. शलाकेने त्या दुपारी सगळे रेझिस्टर काढून दसपट जास्त वीज आवरणारे बसवले. मग दिवे मंदावले, आणि फलाटावर सावल्या दिसू लागल्या.

असे दोन महिने गेले. इमारत झाली, पाण्याची टाकी झाली, घाटाकडे वळणारी वाट झाली. राहिले होते ते इंजिन. तशा छोट्या गाडीचे इंजिन तयार मिळत नव्हते. ते हाताने करावे लागणार होते आणि मास्तर त्याची घाई करीत नव्हते. समारंभाला पाच आठवडे उरले.

याच सुमारास तेजमलशेठ परदेशातून आले. ते भांड्यांचे मोठे व्यापारी, वाचनालयाचे अध्यक्ष, आणि मनाने उदार. लेकीकडे गेले असता तिथल्या एका दुकानात त्यांनी लहान इंजिन पाहिले आणि गावासाठी घेऊन आले. मखमलीच्या पेटीतून त्यांनी ते बाहेर काढले तेव्हा दालनातले सगळे पुढे सरकले. काळेभोर वाफेचे इंजिन, चाकांना लाल कडा, धुराड्याला पितळी कंठा. शलाकेने ते रुळांवर ठेवले. चाके अचूक बसली. इकडे ना तिकडे, नऊ मिलिमीटर म्हणजे नऊ मिलिमीटर. तिने वीज दिली आणि इंजिन झोकात धावत फलाटासमोरून गेले, वळण घेऊन परत आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेठजींच्या डोळ्यांत पाणी तरळले. शलाकेच्या मनावरचा पाच आठवड्यांचा भार एका क्षणात उतरला.

मास्तर कोपऱ्यातल्या बाकावर बसले होते. ते उठले. खिशातून त्यांनी घड्याळजीचा बारीक पेचकस काढला, इंजिन रुळांवरून उचलून उताणे केले, पोटाखालचे दोन स्क्रू फिरवले, आणि ते देखणे काळे कवच अलगद उचलून बाजूला ठेवले. खाली राहिली ती फक्त मोटर, दातेरी चाके आणि दोन तारा. ते उघडे यंत्र त्यांनी पुन्हा रुळांवर ठेवले.

‘‘हे चांगलं आहे,’’ ते म्हणाले. ‘‘हे आपण ठेवू.’’

कोणाला काही समजेना. शेठजींचा चेहरा उतरला. मी दिलेली वस्तू सर्वांसमोर अशी सोलून ठेवायची होती तर आधी सांगायचे, मी आणली नसती, असे ते हळू पण स्पष्ट बोलले आणि पेटी तिथेच ठेवून निघून गेले. लोकही पांगले. मास्तरांनी आपली पिशवी उचलली. जाताना त्यांनी शलाकेच्या हातावर लाकडाचा एक माणूस ठेवला, जेमतेम नखाएवढा उंच, हातपाय कोरलेला. हा आपल्या स्टेशनातला माणूस, एकास सत्त्याऐंशीचा, एवढेच ते बोलले.

शलाका दालनात एकटी राहिली. तिला मास्तरांचा राग आला होता, आणि तो लपवण्याचे आता कारण नव्हते. दोन स्क्रू तर लावायचे. शेठजींना फोन करून सांगितले की झाले, इंजिन पूर्ववत आहे, उद्या या. मास्तर म्हातारे आहेत. म्हाताऱ्या कारागिरांना दुसऱ्याच्या हातचे काम पसंत पडत नाही, हे तिने कारखान्यांत पुष्कळ पाहिले होते. तिने कवच उचलले, जागेवर बसवले, स्क्रू आवळले. इंजिन पुन्हा पहिल्यासारखे देखणे झाले. ते तिने फलाटाला लावून उभे केले.

मग तिचे लक्ष त्या लाकडी माणसाकडे गेले. तिने तो सहज इंजिनाशेजारी ठेवला.

इंजिनाच्या केबिनचे दार त्या माणसाच्या कमरेच्या थोडे वर येऊन संपत होते. तो आत जायचा तर त्याला रांगतच जावे लागले असते, आणि आत गेल्यावर बसूनसुद्धा मान वाकवावी लागली असती. तिने त्याला पुढे नेले, मागे नेले. फलाटावर तो शोभत होता, तिकिटाच्या खिडकीशी शोभत होता, टाकीखाली शोभत होता. इंजिनाजवळ नेला की इंजिन खेळणे होई. आणि चाके तर रुळांवर अगदी बरोबर बसलेली होती.

तिने मोजपट्टी घेतली. हिशेब करायला पाच मिनिटे लागली. शेठजींचे इंजिन मोठ्या लाइनीचे होते, एकास एकशे साठचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मास्तरांच्या माडीवर गेली आणि काल मी तुमच्यावर रागावले होते, हे तिने आधी सांगून टाकले. मास्तरांनी ते मनावर घेतले नाही. तिच्यासमोर पाट सरकवून ते म्हणाले,

‘‘रुळांनी तुला फसवलं. नवा माणूस नेहमी रुळांची रुंदी बघतो, कारण ती मोजायला सोपी असते. पण नऊ मिलिमीटर म्हणजे किती, हे नुसत्या पट्टीला ठाऊक नसतं. मोठ्या लाइनीची गाडी पुष्कळ आकसली, तेव्हा या वाटेवर मावली. आपली गाडी मुळातच अरुंद वाटेची. ती फार आकसायची गरजच नव्हती. दोघी एकाच रुळावर चालतात, म्हणून त्या एका मापाच्या होत नाहीत. यासाठी आधी माणूस ठरवायचा. त्याच्या मापानं दार करायचं, दाराच्या मापानं गाडी, आणि गाडीच्या मापानं गाव.’’

मग मास्तरांनी आणखी एक वाक्य जोडले.

‘‘आणि एक ध्यानात ठेव. छोटी लाइन म्हणजे मोठ्या लाइनीची कमी पडलेली नक्कल नाही. तिच्या ड्रायव्हरला ती पुरी होती.’’

शेठजींना मी समजावीन, ते म्हणाले. यंत्र त्यांचेच राहील, फक्त त्यावर आपल्या गाडीचे अंग चढेल. पण ते अंग करायला मापे हवीत, आणि मापे कुठल्याही पुस्तकात नाहीत. कागद होते ते छोट्या गाडीच्या शेडबरोबर गेले. त्यांनी तिला विचारले,

‘‘तुझ्या वडिलांची उंची किती?’’

शलाकेला ती सांगता आली नाही.

सिद्राम अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. सकाळचे वर्तमानपत्र वाचून ते अंगणात बसले होते. शलाका मोजपट्टी घेऊन आली तेव्हा त्यांना वाटले, शर्ट शिवायचा आहे. तिने कारण सांगितले. ते हसले नाहीत, की आनंदलेही दिसले नाहीत. नुसते उठून दाराच्या चौकटीला पाठ लावून उभे राहिले. आता मी खचलो आहे, ते म्हणाले. नोकरीला लागलो तेव्हा साडेपाच फूट भरलो होतो, डॉक्टरांच्या दाखल्यावर लिहिलेले आहे. शलाकेने मनात भाग दिला. एकोणीस मिलिमीटर.

मग तिने विचारले, अण्णा, इंजिनाची पहिली पायरी जमिनीपासून किती उंच होती. ते त्यांना फुटांत सांगता येईना. त्यांनी डोळे मिटले, उजवा पाय उचलला आणि हवेतच ठेवला. तिने पट्टी लावली. गुडघ्याच्या दोन बोटे खाली. दुसरी पायरी? त्यांनी पाय आणखी उचलला. हाताची दांडी? त्यांचा डावा हात आपोआप वर गेला आणि खांद्याशी येऊन मुठीत वळला. केबिनचे छप्पर? त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. आत शिरताना टोपी काढावी लागायची. वाफेचा दांडा कुठे, ब्रेक कुठे, पाण्याची काच कुठे, कोळशासाठी वाकल्यावर मागे फायरमनची कोपरे कुठपर्यंत यायची, सगळे त्या शरीराला ठाऊक होते. अंगणात नसलेल्या इंजिनात एक म्हातारा माणूस उभा होता आणि त्याचा हात एकदाही चुकीच्या जागी पडत नव्हता. शलाका मोजत होती आणि लिहीत होती. ज्या घरात ती वाढली त्या घरात हे सगळे होते, आणि तिने ते कधी विचारले नव्हते.

काम संपल्यावर ती त्यांच्याजवळ पायरीवर बसली. फार वर्षांचा एक प्रश्न तिच्या ओठांवर आला आणि तिने तो विचारून टाकला.

‘‘अण्णा, तुम्ही मोठ्या लाइनीवर का गेला नाहीत?’’

‘‘बोलावणं आलं होतं,’’ सिद्राम म्हणाले. ‘‘दोनदा.’’

‘‘मग?’’

‘‘घाटातली ती उतरण होती ना, पावसाळ्यात रूळ निसरडे व्हायचे. वाळू कुठं सोडायची, ब्रेक कुठं नुसता टेकवायचा, हे आम्हा दोघांनाच पक्कं माहीत होतं. मला आणि दुसरे ड्रायव्हर होते त्या इनामदारांना. पहिल्या वेळी इनामदार आजारी होते. दुसऱ्या वेळी ते वारले होते.’’ त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. ‘‘डब्यात बाजाराची माणसं असायची. पोरंबाळं असायची. नव्या माणसाला शिकवायला दोन पावसाळे लागतात. तोवर माझं वय उलटून गेलं, आणि गाडी बंद झाली.’’

हे त्यांनी असे सांगितले की जणू कोणीही तसेच केले असते. शलाकेने वही मिटली. नातेवाइकांचे ते बारीक हसू तिला आठवले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याचा तिला राग आला नाही. त्यांच्याजवळ चुकीची पट्टी होती, इतकेच. तिच्याजवळही तीच होती.

पुढचे तीन आठवडे ती आणि मास्तर इंजिनाचे अंग घडवीत होते. पितळेचा पातळ पत्रा कापायचा, वाकवायचा, सोल्डरचा बारीक डाग देऊन जोडायचा. पायऱ्या सिद्रामांच्या पायाच्या, दांडी त्यांच्या खांद्याची, दार त्यांच्या टोपीशिवायच्या डोक्याचे. ते अंग शेठजींच्या यंत्रावर बसवले तेव्हा चाकांच्या दोन्ही बाजूंना ते बरेच बाहेर आले, जसे खरे इंजिन येत असे. धुराडे आखूड आणि जाड होते. इंजिन देखणे नव्हते. पण लाकडी माणूस पायरीशी उभा केला की दिसे, आता हा चढेल.

मग तिने वडिलांना दालनात आणले आणि गाडी चालवून दाखवली. सिद्राम मेजाच्या कडेला वाकून पाहत होते. इंजिन आले आणि गेले.

‘‘ही पळतेय,’’ ते म्हणाले. ‘‘स्टेशनात शिरताना मी तिला चालत्या माणसाच्या बरोबरीनं आणायचो. फलाटावरचा हमाल शेजारून चालत गप्पा मारायचा.’’

शलाकेने हिशेब केला. चालता माणूस सेकंदाला सव्वा ते दीड मीटर जातो. त्याचा सत्त्याऐंशीवा भाग म्हणजे सेकंदाला दीड सेंटिमीटर, बोटाच्या रुंदीइतकेच अंतर. तिने बटण फिरवून वीज कमी केली. इंजिन मंदावले, अडखळले आणि थांबले. थोडी वाढवली तर झटका देऊन पळाले. लहान मोटरला कमी दाबाची वीज दिली की तिच्यात स्वतःचेच घर्षण ओलांडायची ताकद उरत नाही. मास्तरांनी हात टेकले. चाळीस वर्षांत त्यांच्या गाड्यासुद्धा अशाच झटक्याने सुटत आल्या होत्या, आणि ते त्यांनी चालवून घेतले होते.

इथे मात्र शलाका आपल्या घरी होती. कारखान्यातला ऊस वाहून नेणारा पट्टा पूर्ण भाराने सावकाश हलवायचा असतो तेव्हा काय करतात, हे तिला ठाऊक होते. वीज कमी करायची नाही. पूर्ण द्यायची, पण क्षणभरच. मग बंद, मग पुन्हा क्षणभर. सेकंदात शेकडो वेळा. प्रत्येक ठोक्यात ताकद पुरी, आणि ठोक्यांमधली विश्रांती जितकी लांब तितकी चाल सावकाश. दोन दिवसांत तिने तळहाताएवढे सर्किट तयार केले आणि त्याला पितळी मूठ लावली. त्यातले मास्तरांना सगळे उमगले नाही. त्यांनी नाकावरचा चष्मा सारखा केला, स्वतःची वही काढली आणि ते विद्यार्थ्यासारखे तिच्यासमोर बसले. पुन्हा पहिल्यापासून सांग, ते म्हणाले. तिने सांगितले, आणि त्यांनी आकृती काढून घेतली.

शेठजींचे मन वळवायला मास्तर त्यांच्या दुकानात गेले होते. तिथे त्यांनी काही उपदेश केला नाही. ते काळे कवच आणि लाकडी माणूस त्यांनी गल्ल्याशेजारी ठेवला आणि म्हणाले, याला आत बसवून दाखवा. शेठजींनी दोन-तीनदा प्रयत्न करून पाहिला. ते व्यापारी होते. झाकण कोणत्या भांड्याचे हे त्यांना नजरेने कळे. ते थोडेसे ओशाळले आणि मग मोकळेपणाने हसले. त्या कवचाचे काय करणार, त्यांनी विचारले. मास्तर म्हणाले, ते काचेच्या पेटीत मेजाशेजारीच ठेवू, त्याच नऊ मिलिमीटरच्या रुळांच्या तुकड्यासकट. त्याचा स्वतःचा माणूस करून देतो, एक सेंटिमीटर उंचीचा. शिकायला येणाऱ्यांना दोन्ही शेजारी शेजारी दिसतील. शेठजींनी त्या काचपेटीला शिसवी चौकट करून दिली.

शताब्दीच्या दिवशी दालन भरून गेले. भाषणे झाली. मग शेठजींनी माइकवरून सिद्राम बिराजदारांना पुढे बोलावले. सिद्राम आले, मेजाशी उभे राहिले, आणि टोपी काढून त्यांनी काखेत धरली. शलाकेने त्यांच्या हाती पितळी मूठ दिली.

गाडी घाटाच्या वळणावरून निघाली. लोक उभे राहून वरून पाहत होते, जसे खेळणे पाहतात. पण गाडी इतकी सावकाश येत होती की वरून पाहणाऱ्याला धीर धरवेना. एकेक जण वाकू लागला. कोणी गुडघ्यावर बसले, कोणी हनुवटी मेजाच्या कडेला टेकवली, आणि तिथून पाहताच गाडी एकाएकी मोठी झाली. पुढचा दिवा मंद तेवत होता. चाकांचे दांडे एकेक करून फिरताना दिसत होते. तीन डब्यांची ती गाडी टाकीखालून आली, फलाटाला लागली, आणि धक्का न देता, एखादा माणूस खुर्चीत बसावा तशी थांबली. कोणीही टाळी वाजवली नाही. एक वृद्ध बाई पुटपुटली, मी या गाडीने सासरी आले.

सिद्रामांनी मूठ शून्यावर आणली तरी हात तिच्यावरच ठेवला होता. शलाका त्यांच्या बाजूला वाकून उभी होती, तिचे डोळे इंजिनाच्या दाराच्या पातळीत. तिला वाटले होते, आज वडिलांना मान मिळाला याचा आपल्याला आनंद होईल. आनंद झालाच. पण त्याहून शांत असे काही तिच्या मनात उतरले. या माणसाला कोणी मोठे करायची गरज नव्हती. त्याच्या वाटेवर तो पहिल्यापासून पुऱ्या उंचीचा होता; वाकून पाहायचे राहिले होते ते तिचेच.

‘‘कशी आहे, अण्णा?’’ तिने विचारले.

‘‘पायरी बरोबर आहे,’’ सिद्राम म्हणाले.

मास्तर मागे बाकावर बसले होते. त्यांनी ते ऐकले आणि मान हलवली.

कोणाचे आयुष्य लहान म्हणण्यापूर्वी ते कोणत्या प्रमाणात घडले आहे, एवढे तरी त्याला विचारून घ्यावे.